काय ते पाच मिनिटांत लिहा

साहेबांच्या सासूबाईंनी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या कार्यालयाने दाराला आतून कडी घातली आहे."

साहेब म्हणजे नगर सेवा कार्यालयाच्या तक्रार विभागाचे प्रमुख. रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार, जे काही नागरिकांच्या डोळ्यांना खुपेल ते त्यांनी या विभागाच्या वेबसाइटवर लिहायचं आणि विभागाने त्याची दखल घ्यायची, अशी व्यवस्था होती. दखल घ्यायची म्हणजे क्रमांक द्यायचा. पुढचं पुढे. गेल्या वर्षभरात तक्रारी चाळीस टक्क्यांनी घटल्या होत्या आणि त्याबद्दल वरच्या कार्यालयाने साहेबांना सन्मानचिन्ह दिलं होतं. ही गोष्ट साहेब घरी सरासरी एका जेवणाला एकदा सांगत.

"दार चोवीस तास उघडं असतं, आई," साहेब म्हणाले.

"मग तीन आठवडे मला 'जोडणी तुटली, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं कोण सांगतंय? थोड्या वेळाने करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी केलं. रविवारी केलं."

"तुमच्या मोबाइलचं नेट—"

"संगणकावरून केलं."

"मग त्या वेळी गर्दी असेल."

"गर्दी? तुम्हीच म्हणता ना, तक्रारी कमी झाल्या म्हणून?" सासूबाईंनी पावाला काठापर्यंत लोणी लावलं. "कमी नाही झाल्या हो. पोचत नाहीत."

साहेबांची बायको चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

अशा रीतीने, वेबसाइट चालत नाही ही तक्रार त्या विभागात पहिल्यांदा दाखल झाली. त्याआधी ती कुणी केली नव्हती, कारण ती करायची सोयही त्याच वेबसाइटवर होती.

साहेबांनी त्याच दिवशी बैठक बोलावली. बैठकीला दोन माणसं महत्त्वाची. एक त्यांचे उपप्रमुख, ज्यांना सगळं कार्यालय पाठीमागे होयबा म्हणायचं. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांची मान हललेली असायची. साहेब मधेच विचार बदलून उलट बोलले, तर तीच मान तितक्याच श्रद्धेने पुन्हा हलायची. दुसरा सर्व्हर सांभाळणारा तरुण ऑपरेटर. त्याचं टोपणनाव रीस्टार्ट. कुठलंही यंत्र अडलं की ते बंद करून चालू करणं हा त्याचा पहिला उपाय, दुसराही तोच, आणि तिसऱ्याची वेळ आलीच तर तो आजारपणाची रजा टाकायचा.

"करून दाखव," साहेब म्हणाले.

रीस्टार्टने भिंतीवरच्या पडद्यावर वेबसाइट उघडली. नावाच्या जागी 'टेस्ट', पत्त्याच्या जागी 'टेस्ट टेस्ट', तक्रारीच्या जागी 'अअअ' लिहिलं आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी आली: आपली तक्रार नोंदवली गेली आहे.

"चालतंय की," होयबा म्हणाले.

"पण आमच्या आईंना—"

"नाही, म्हणजे, चालत नाहीये," होयबा म्हणाले.

रीस्टार्टने आणखी वीस वेळा 'अअअ' लिहिलं. वीस वेळा हिरवी पट्टी. त्या दिवशी शहरातून आलेल्या तक्रारींपैकी एकवीस 'अअअ' बद्दल होत्या, आणि नियमाप्रमाणे त्या संबंधित खात्यांकडे गेल्या. पाणीपुरवठ्याने त्यातल्या चार 'पाहणी करून समस्या दूर केली' असा शेरा मारून बंदही केल्या.

पुढचे तीन आठवडे दोष एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला. इंटरनेट पुरवणारे म्हणाले, आमची लाइन स्वच्छ आहे. फायरवॉल सांभाळणारा माणूस, म्हणजे कार्यालयाच्या यंत्रांमध्ये कुणी ऐरागैरा घुसू नये म्हणून बसवलेल्या पहारेकरी यंत्राचा मालक, म्हणाला, "माझ्याकडे सगळं हिरवं आहे." त्याच्याकडे कायमच सगळं हिरवं असायचं. आग लागली असती तरी धूर हिरवा निघाला असता. रीस्टार्टने रोज सकाळी सर्व्हर बंद करून चालू करायला सुरुवात केली आणि वहीत लिहिलं, 'सोडवले'. होयबांनी चार पानी टिपण लिहिलं. त्याचा सारांश असा की दोष नागरिकांच्या बोटांत आहे.

मग साहेबांनी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीला कडक पत्र पाठवलं. कंपनीने एक बाई पाठवल्या.

बाई चाळिशीच्या, अंगाने किरकोळ, खांद्याला जडशी पिशवी. वीस वर्षं लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइटी तपासत फिरलेल्या. कार्यालयात सगळे त्यांना 'कंपनीच्या मॅडम' म्हणू लागले. मॅडमना बसायला झेरॉक्स मशीनशेजारची जागा मिळाली. तिथे खुर्ची होती, पण एक हात नसलेली.

"काही नाही हो मॅडम," रीस्टार्ट पहिल्याच दिवशी म्हणाला, "अधूनमधूनचा प्रॉब्लेम आहे. अधूनमधूनच्या प्रॉब्लेमचं औषध नसतं."

"अधूनमधून असं काही नसतं रे," मॅडम म्हणाल्या. "कधी होतं ते आपल्याला कळलेलं नसतं, म्हणून आपण त्याला अधूनमधून म्हणतो. लॉग दाखव बघू."

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. काय घडलं, किती वाजता घडलं, सर्व्हर आपला इमानेइतबारे लिहून ठेवतो. ही रोजनिशी आजवर कुणी उघडली नव्हती. मॅडमनी उघडली. रोज दीडशे-पावणेदोनशे ठिकाणी एकच ओळ होती: जोडणी तुटली.

"दिवसाला दीडशे?" रीस्टार्ट म्हणाला. "मला तर एकदाही आलं नाही."

"तू वाचलंस एकदाही?"

तो झेरॉक्स मशीनकडे बघू लागला.

मॅडमनी त्या ओळींची वेळेप्रमाणे मांडणी केली. गर्दीच्या वेळी जास्त असतील म्हणावं तर नव्हत्या. सकाळी होत्या, दुपारी होत्या, भर कामाच्या वेळी होत्या, निवांत वेळीही होत्या. मोबाइलवरच्या होत्या, संगणकावरच्याही. शहराच्या सगळ्या भागांतल्या. पाच दिवस मॅडम त्या एकहाती खुर्चीत बसून आकडे हलवत राहिल्या आणि हाती लागल्या त्या फक्त पाठीतल्या चमका.

"ज्यांची जोडणी तुटली त्यांची नावं मिळतील का?" त्यांनी होयबांना विचारलं. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

"ज्यांची तक्रार नोंदवली गेली नाही, त्यांची नोंद आपल्याकडे नसते," होयबा म्हणाले. "असती, तर ती नोंदवली गेली असती."

हे वाक्य इतकं बिनचूक होतं की मॅडमनी ते वहीत उतरवून घेतलं.

"एक तरी माणूस माहीत असेल ना?"

होयबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक आहेत. पण त्या साहेबांच्या सासूबाई आहेत."

साहेबांना हे मुळीच आवडलं नाही. पण सासूबाईंना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मॅडम साहेबांच्या घरी हजर झाल्या. साहेब कार्यालयात, त्यांची बायको तिच्या कामावर. घरात सासूबाई एकट्या. वय पंचाहत्तर. बत्तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय गेली नव्हती.

"तू कंपनीची का? ये. काय म्हणू तुला?"

"काहीही म्हणा, बाई." शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काही म्हणणं मॅडमच्या जिभेवर येईना. "मी काही बोलणार नाही. तुम्ही नेहमी लिहिता तसंच लिहा. मी नुसती बघत बसते."

"म्हणजे तपासणीसच आलीस. आमच्या वर्गावर यायचे तसे."

सासूबाई खिडकीजवळच्या मेजावर संगणकापुढे बसल्या. वेबसाइट उघडली, फॉर्म उघडला. मॅडमनी सवयीने घड्याळ पाहिलं.

सासूबाई एका बोटाने लिहीत. उजव्या हाताची तर्जनी कीबोर्डवर घारीसारखी घिरट्या घाली आणि अक्षर दिसलं की झडप. तक्रार त्यांच्या फाटकासमोरच्या खड्ड्याबद्दल होती. पण ती नुसती 'खड्डा आहे' अशी नव्हती. खड्डा कुठल्या तारखेला कुणी खणला, किती दिवसांनी बुजवला, बुजवल्यावर आठव्या दिवशी दुसऱ्या खात्याने पुन्हा का खणला, लांबी किती, रुंदी किती, त्यात पडून शेजारच्या घड्याळजींचा पाय कुठल्या वारी मुरगळला, सगळं तारीखवार. प्रत्येक वाक्य झालं की त्या ते मोठ्याने वाचत.

"'सदर खड्ड्याची खोली'... खोली नको. खोली म्हटलं की भाड्याने द्यायची वाटते. 'खोलपणा' लिहू?"

"बाई, मी बोलायचं नाही असं ठरलंय."

"बरं बरं."

मधे त्यांनी चष्मा पुसला. मधे 'दुरुस्ती'तला 'दु' ऱ्हस्वच ना, याची शब्दकोशात खात्री करून घेतली. शब्दकोश कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात. मधे उठून गॅस बारीक केला. शेवटी पूर्ण मजकूर पहिल्यापासून वाचला, एक स्वल्पविराम काढला, पुन्हा घातला आणि बटण दाबलं.

पडद्यावर गोल फिरू लागला. फिरला, फिरला, आणि थांबला. जोडणी तुटली. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

"बघ!" सासूबाई विजयाने म्हणाल्या. आपण खोटं बोलत नाही याचा त्यांना इतका आनंद झाला की मजकूर गेल्याचं दुःख दोन क्षण उशिराने आलं. "गेलं की गं सगळं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं.

"बाई, आता एकच ओळ लिहा. 'फाटकासमोर खड्डा आहे.' वाचू नका, तपासू नका. लिहा आणि पाठवा."

"पूर्णविराम?"

"तोही नको."

सासूबाईंनी नाक मुरडून लिहिलं आणि पाठवलं. हिरवी पट्टी.

सासूबाईंनी ती पट्टी दोनदा वाचली.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "अर्धवट लिहिलं की चालतं?"

"तसं नाही. अजून तसं म्हणता येणार नाही. थांबा हं." मॅडमच्या पाठीची चमक कुठल्या कुठे गेली. त्यांनी फॉर्म उघडला, तीच एक ओळ लिहिली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. तीन मिनिटांनी बटण दाबलं: हिरवी पट्टी. पुन्हा फॉर्म, चार मिनिटं: हिरवी. पुन्हा, सहा मिनिटं: जोडणी तुटली. साडेपाच: तुटली. पावणेपाच: हिरवी. दुपारपर्यंत दोघी शेजारी शेजारी बसून घड्याळ बघत राहिल्या. सासूबाईंनी एका वहीत रेघा मारून तक्ता केला आणि मॅडमनी सांगितलेली वेळ त्या अक्षरात आणि अंकात अशी दोन्ही प्रकारे लिहीत होत्या.

"पाच मिनिटं," शेवटी मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांच्या आत पाठवलं तर पोचतं. त्यावर एक क्षण गेला की नाही."

"अगं, पण पाच मिनिटांत कुणाची तक्रार लिहून होते?"

"ज्याला फारसं काही सांगायचं नाही त्याची."

कार्यालयात परतल्यावर मॅडमनी फायरवॉलवाल्याला गाठलं.

"तुमच्याकडे सगळं हिरवं आहे, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, एखाद्या जोडणीवर काहीच हालचाल नसेल तर तुमचं यंत्र ती किती वेळ चालू ठेवतं?"

"पाच मिनिटं," तो अभिमानाने म्हणाला. "आधी मुदत दोन तास होती. सुरक्षा तपासणीवाले म्हणाले, फार ढिलं आहे. मग मी पाचावर आणली."

"आणि तोडल्यावर सांगता का कुणाला? सर्व्हरला काही निरोप?"

"निरोप कशाला? तोडली म्हणजे तोडली."

गोम तिथे होती. नागरिकाने फॉर्म उघडला की वेबसाइट आतल्या डेटाबेसशी, म्हणजे तक्रारी साठवण्याच्या कोठाराशी, एक जोडणी उघडायची आणि नागरिक बटण दाबेपर्यंत ती धरून बसायची. नागरिक लिहीत असेपर्यंत त्या जोडणीवर शांतता. पहारेकऱ्याला वाटे, इथे कुणी नाही. तो पाच मिनिटांनी ती गुपचूप कापून टाकी. वेबसाइटला पत्ता नाही. ती आपली तुटलेल्या दोराचं टोक घट्ट धरून उभी. नागरिक शेवटचा पूर्णविराम देऊन बटण दाबतो, वेबसाइट दोर ओढते, आणि दोर रिकामाच हातात येतो. जोडणी तशी धरून ठेवायची मूळ चूक कंपनीचीच होती, आणि मॅडमनी अहवालात ती सगळ्यात आधी लिहिली. दुरुस्ती चार ओळींची: जोडणी आधीपासून धरायची नाही, बटण दाबल्यावरच उघडायची. काम अर्ध्या दिवसाचं.

"ही पाच मिनिटांची सुधारणा तुम्ही केली कधी?" मॅडमनी जाताजाता विचारलं.

फायरवॉलवाल्याने तारीख सांगितली. मॅडमनी ती लिहून घेतली. मग विभागाचा वर्षाचा अहवाल काढला आणि तक्रारी घटू लागल्याचा महिना पाहिला. दोन्ही एकच. मॅडमनी दोन्ही गोष्टी अहवालात खाली-वर लिहिल्या. एकीचा दुसरीशी संबंध आहे असं कुठेही म्हटलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत त्या एवढं शिकल्या होत्या.

साहेबांनी अहवालाचं पहिलं पान वाचलं. त्यावर 'दोष सापडला, दुरुस्ती सोमवारी' असं होतं. त्यांनी खुशीने सही केली. दुसरं पान ते सहसा वाचत नसत, कुठल्याच कागदाचं.

सोमवारी दुरुस्ती वेबसाइटवर चढली. दुपारी चारपर्यंत नेहमीच्या दुप्पट तक्रारी आल्या. मंगळवारी तिप्पट. आकड्याचं एक वेळ ठीक होतं. तक्रारींची जातच बदलली होती. आजवर यायचं ते असं: 'पाणी नाही'. 'दिवा बंद'. 'लक्ष द्या'. यावर 'लक्ष दिले' असं लिहून बंद करता यायचं. आता जे येत होतं त्याला तारखा होत्या. मोजमापं होती. फोटो होते. 'याआधी अमुक तारखेला मी आपल्या अमुक टेबलावरील निळ्या शर्टातल्या गृहस्थांना भेटलो, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात या' असं होतं. एका निवृत्त सर्व्हेअरने गटाराचा नकाशाच काढून जोडला होता, उत्तर दिशेच्या बाणासकट. एका आईने मुलीच्या शाळेच्या रस्त्यावरचे बंद दिवे मोजून खांबांचे क्रमांक दिले होते, सतरा. वर्षभर जे लोक सावकाश, विचार करून, पूर्ण लिहीत होते आणि हरत होते, त्यांचं सगळं एकदम आत येत होतं.

"मॅडम, हे कसं बंद करायचं?" रीस्टार्टने विचारलं. नकाशा त्याच्या पडद्यावर होता.

"गटार साफ करून."

बुधवारी सकाळी बैठक. सन्मानचिन्ह साहेबांच्या मेजावर होतं आणि साहेब त्याच्याकडे बघून बोलत होते.

"तुम्ही येण्याआधी वेबसाइट व्यवस्थित चालू होती, मॅडम."

"अगदी व्यवस्थित," होयबा म्हणाले.

"सर, रोज दीडशे लोकांच्या तक्रारी पोचत नव्हत्या."

"पण कुणाची तक्रार तर नव्हती ना?"

"तक्रार नव्हतीच," होयबा म्हणाले.

मॅडमनी एकदा छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. "सर, तुमच्या घरूनच—"

"घरचं घरी बघू." साहेबांनी घसा साफ केला. "माझं म्हणणं एवढंच आहे, सध्या जुनी पद्धत परत चालू करा. तात्पुरती. यंत्रणेवर ताण येतोय."

"यंत्रणेवर कसला ताण? सर्व्हरला तर कळतही नाहीये."

"मी माणसांबद्दल बोलतोय."

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त मला लेखी द्या. 'पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊन लिहिलेल्या तक्रारी स्वीकारू नयेत', आणि खाली सही."

साहेबांनी होयबांकडे पाहिलं. होयबांची मान आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर अडकली. हो म्हणावं तर सही करायला सांगतील. नाही म्हणायची सवय नाही. ते तसेच तिरके राहिले.

लेखी कुणीच दिलं नाही. गुरुवारी साहेबांनी कंपनीला फोन केला. शुक्रवारी कंपनीने मॅडमना परत बोलावलं आणि त्यांच्या जागी एक आज्ञाधारक गृहस्थ पाठवले. त्यांनी नवीन सुधारणा केली: तक्रार दोनशे अक्षरांतच लिहायची. वर लाल अक्षरांत ओळ आली, 'नागरिकांच्या सोयीसाठी'. कंपनीने मॅडमच्या वार्षिक मूल्यमापनात लिहिलं की तांत्रिक काम उत्तम, मात्र ग्राहकाच्या गरजा समजून घेण्यात कमी पडतात. मॅडमनी ते घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खरंय, मलाही हाच अनुभव आहे." त्या हसल्या. पण रात्री जेवताना त्यांना सारखी ती बंद दिवे मोजणारी आई आठवत होती. रस्त्याने चालताना खांब मोजत गेली असेल, कागदावर क्रमांक टिपत. पुन्हा लिहायची वेळ आली तर तिला कोण सांगणार की सतरांतले सहा खांबच दोनशे अक्षरांत मावतात?

पण दोनशे अक्षरांचा नियम करणाऱ्यांनी सासूबाईंना गृहीत धरलं नव्हतं.

सासूबाईंची खड्ड्याची पूर्ण तक्रार मधल्या चार दिवसांत आत गेली होती. त्यातला खड्डा बुजला होता, जरा जास्तच. तिथे आता उंचवटा झाला होता. त्याबद्दल लिहायला त्या बसल्या तर दोनशेव्या अक्षराला बोट थबकलं. वाक्य 'सदर उंचवट्यामु' इथे तुटलं.

"शब्द मधे तोडतात?" त्या साहेबांना संध्याकाळी म्हणाल्या. "'उंचवट्यामु'? याला काही अर्थ आहे?"

"थोडक्यात लिहा, आई."

"थोडक्यात लिहायला मी काय तार करतेय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार चौदा भागांत पाठवली. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला 'भाग पहिला', 'भाग दुसरा', आणि शेवटी 'पुढील भागी पाहावे'. चौदा भागांना चौदा क्रमांक मिळाले. ही युक्ती त्यांनी वाचनालयात सांगितली. वाचनालयात येणाऱ्यांना वेळ भरपूर होता आणि सांगण्यासारखंही बरंच होतं. निवृत्त सर्व्हेअर बावीस भागांवर गेला. ज्यांना ही युक्ती जमत नव्हती त्यांच्यासाठी सासूबाईंनी दर बुधवारी वर्ग सुरू केला: मजकुराचे दोनशे अक्षरी तुकडे, शब्द न तोडता, कसे पाडावेत. शुद्धलेखनाचे गुण वेगळे.

महिनाअखेर विभागाकडच्या तक्रारी सोळापट झाल्या. वरच्या कार्यालयाला आत काय लिहिलंय याच्याशी कधीच घेणंदेणं नव्हतं. ते आकडा बघायचे. त्यांनी आकडा पाहिला आणि साहेबांना बोलावून घेतलं. साहेब परत आले ते घामाघूम. आल्याआल्या त्यांनी दोनशे अक्षरांची अट काढायला सांगितली. लाल ओळ मात्र तीच राहिली: 'नागरिकांच्या सोयीसाठी'. आता एका तक्रारीला एकच क्रमांक, लिहा हवं तेवढं. आकडा खाली आला. पहिल्याइतका नाही, पण सोळापटीपेक्षा पुष्कळच खाली, आणि वरच्या कार्यालयाने 'एका महिन्यात लक्षणीय घट' म्हणून अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

त्या पत्राच्या जोरावर साहेबांना बढती मिळाली. ते दीर्घकालीन नियोजन विभागात गेले. तिथे नागरिकांशी संबंध येत नाही. जे आहे ते वीस वर्षांनंतर. तक्रार विभागाचा कारभार नवीन माणूस येईपर्यंत उपप्रमुखांकडे आला.

पहिले दोन दिवस होयबा साहेबांच्या खोलीत नुसते बसून राहिले. समोर फायली, आणि ज्याच्याकडे बघून मान हलवायची तो कुणी नाही. रीस्टार्ट काही विचारायला आला की ते दाराकडे बघत, मागून कोणी येतंय का. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीच्या मॅडमना फोन लावला. मॅडम दुसऱ्या एका कार्यालयात, दुसऱ्या एका खुर्चीत, दुसरा एक लॉग वाचत होत्या.

"मॅडम, ओळखलंत का? एक विचारायचं होतं. इथे सतरा दिव्यांची एक तक्रार आहे. खांबांचे क्रमांकसुद्धा दिलेत बाईंनी. मी जाऊन पाहून आलो. खरंच बंद आहेत." ते थोडं थांबले. "म्हणजे, ते लावून घ्यायचे ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"हो," होयबा म्हणाले. खूप दिवसांनी श्वास सोडल्यासारखे म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी वायरमनला बोलावलं.